घर, नोकरी आणि स्त्रीचें मन

घरांतील एखादी स्त्री भर दुपारीं अंथरुणाला टेकली आणि "कांहीं नाहीं, जरा थकल्यासारखें झालें आहे," असें म्हणाली, म्हणजे घरची मंडळी निश्चिंत होतात. थकवा म्हणजे घटकाभर पडल्यानें जाणारी, चहाच्या एका पेल्यानें हटणारी गोष्ट, अशी सर्वांची समजूत असते. परंतु निजून उठल्यावरहि जात नाहीं असा एक थकवा आहे. त्यांत रात्रीं डोळ्याला डोळा लागत नाहीं आणि पहाटे अंथरूण सोडवत नाहीं. मुलांवर विनाकारण हात उगारला जातो. आवडीचें कामहि नकोसें होतें. आणि 'आपल्या हातून कांहींच धड होत नाहीं' ही टोंचणी अष्टौप्रहर मनाला लागून राहते. अशी अवस्था दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर तिचा विचार केवळ थकवा म्हणून करून चालत नाहीं. तो खिन्नतेचा विकार असूं शकतो, आणि ज्वराप्रमाणें किंवा रक्तक्षयाप्रमाणें त्यालाहि उपचार लागतो.

या विकाराचीं कारणें अनेक आहेत. कांहीं शरीरांत असतात, कांहीं आनुवंशिक असतात, कांहीं गतायुष्यांतील दुःखांत असतात. प्रस्तुत भाषणाचा विषय त्यांतील एकाच कारणापुरता मर्यादित आहे. अर्थार्जन आणि संसार या दोन कर्तव्यांच्या ओढाताणींत स्त्रीच्या मनावर जो ताण येतो, तो सर्व स्त्रियांवर सारखाच येतो काय, आणि ज्या घरांत हें भाषण वाचलें जाईल त्या घरांचा त्याच्याशीं काय संबंध आहे, एवढाच हा प्रश्न आहे.

नोकरी आणि संसार यांचा झगडा ही शिकलेल्या स्त्रियांनीं हौसेनें ओढवून घेतलेली नवी आपत्ति आहे, असें मत पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येतें. तें इतिहासाला धरून नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांत स्त्रिया एकोणिसाव्या शतकापासून काम करीत होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग हीं खातीं तर मुख्यतः त्यांच्याच हातावर चालत. पहाटेच्या भोंग्याबरोबर चाळ सोडणाऱ्या या बायांपुढें तान्ह्या मुलाचें काय करावयाचें हा प्रश्न रोजचा असे. १९२० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत मुंबई सरकारनें एका स्त्री-डॉक्टरकडून गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करविली. मुलाला अफू घातलेली 'बाळागोळी' देऊन निजवावयाचें आणि कामावर जावयाचें, हा त्या काळचा सर्रास प्रघात होता, असें तेव्हां नोंदलें गेलें. त्या आया निर्दय नव्हत्या. खाडा केला तर मजुरी बुडत होती, मजुरी बुडली तर चूल बंद पडत होती, आणि मूल सांभाळावयाला कोणी नव्हतें. १९२९ सालीं मुंबई इलाख्यानें प्रसूतिकाळांत स्त्रीकामगाराला पैसे मिळण्याचा कायदा केला. हिंदुस्थानांतील हा त्या प्रकारचा पहिला कायदा होय. याचा अर्थ इतकाच कीं, हा झगडा गिरणीच्या दारांत फार पूर्वीपासून उभा होता. सुशिक्षित घरांना तो नवा वाटतो, कारण त्यांच्या दिवाणखान्यांत तो मागाहून शिरला.

आतां तो तेथें आला आहे हें मात्र खरें, आणि त्याचें ओझें हलकें नाहीं. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०२४ सालीं देशभर घरोघर जाऊन लोकांचा दिवस कसा खर्च होतो याची पाहणी केली. घरचें विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटें जातात, तर तेंच काम करणाऱ्या पुरुषांचीं ८८ मिनिटें जातात, असें तींत आढळलें. म्हणजे एकीकडे पावणेपांच तासांहून अधिक, दुसरीकडे दीड तासालाहि दोन मिनिटें कमी. मुलांची व आजाऱ्यांची शुश्रूषा याहून वेगळी मोजलेली आहे. तेथेंहि १५ ते ५९ वर्षें वयाच्या स्त्रियांचीं १४० मिनिटें आणि पुरुषांचीं ७४ मिनिटें भरतात.

शिवाय घड्याळांत न मोजलें जाणारें एक काम असतें, तें म्हणजे ध्यानांत ठेवण्याचें. उद्यां डब्याला काय करावयाचें, गॅसचा नंबर कधीं लावावयाचा, शाळेची फी भरण्याचा शेवटचा दिवस कोणता, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, ही सर्व नोंदवही एका डोक्यांत उघडी असते आणि ती कचेरींतहि मिटत नाहीं. पुष्कळ सज्जन पति "मी तिला घरांत मदत करतों," असें अभिमानानें सांगतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाहीं. पण 'मदत' या शब्दांतच काम मूळचें तिचें आहे असें गृहीत धरलेलें असतें. मदतनीस सांगितलेलें काम करतो. काय सांगावयाचें याची काळजी मुख्य माणसाकडेच राहते.

येथपर्यंतचें विवेचन सर्व स्त्रियांना थोड्याफार फरकानें लागू आहे. भेद यापुढें पडतो. मुंबईच्या एखाद्या उपनगरांतील एक इमारत डोळ्यांसमोर आणावी. तिसऱ्या मजल्यावरील स्त्री फोर्टमधील एका बँकेंत नोकरीला आहे. सकाळीं आठच्या सुमाराची लोकल तिला गांठावयाची असते. तिच्या घरीं भांडीं, केर आणि पोळ्या करणारी स्त्री जवळच्याच वस्तींत राहते आणि त्या इमारतींतील पांच घरांची कामें करते. एके दिवशीं दोघींच्याहि मुलांना ताप आला असें समजावें.

बँकेंतील स्त्रीचा जीव कासावीस होतो. रजा घ्यावी तर साहेबांच्या कपाळाला आठ्या. न घ्यावी तर घरच्यांच्या नजरा आणि स्वतःच्या मनाचा कौल. कोठेंहि गेली तरी दुसऱ्या जागीं अपराधी, अशी तिची स्थिति होते. हें दुःख काल्पनिक नव्हे. तरीहि तिच्या खात्यांत रजा शिल्लक असते. रजा घेतली तरी पगार कापला जात नाहीं. डॉक्टरांना घरूनच विचारतां येतें. आणि प्रसंगीं सासूबाई किंवा आई मुलापाशीं बसतात.

दुसरीच्या दिवसाचा हिशेब निराळा आहे. तिनें एका घरीं खाडा केला तर पांचहि घरीं होतो. कोठें त्या दिवसाचे पैसे कापले जातात. कोठें दुसऱ्या बाईची चौकशी सुरू होते. डॉक्टरची फी द्यावयाची, तर ती याच पैशांतून. म्हणून बहुधा असें होतें कीं, थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्याच्या उशाशीं बसते आणि आई कामावर येते. ती आली म्हणजे तिसऱ्या मजल्यावर हायसें वाटतें, कारण आज पोळ्या झाल्या तरच तेथील आजारी मुलाला सांभाळून पुढचें कांहीं ठरवितां येणार असतें. दोन्ही घरांतील तापाचा आंकडा एकच असतो. पण वरच्या घरांतील तापाचा थोडा भार खालच्या घरांतील आईवर उतरतो, आणि तिचा भार उतरवून घ्यावयाला तिच्या दहाबारा वर्षांच्या मुलीवांचून कोणी नसतें. सुशिक्षित स्त्रीची जी सुटका म्हणून सांगितली जाते, ती बहुतेक ठिकाणीं अशी दुसऱ्या स्त्रीच्या खांद्यावरून झालेली असते. तिला या घरांतून 'मावशी' म्हणतात. हाकेंत जिव्हाळा असतो यांत संशय नाहीं. पण नात्याचें नांव मिळालें तरी नात्याचा हक्क मिळतोच असें नाहीं, आणि घरच्या मावशीला ताप आला असतां जी विश्रांति मिळाली असती ती या मावशीला क्वचित् मिळते.

याचा मनावर काय परिणाम होतो, याविषयीं शास्त्रज्ञांनीं पुष्कळ शोध केला आहे. लंडन शहराच्या कॅम्बरवेल भागांतील स्त्रियांची पाहणी करून जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या दोन संशोधकांनीं १९७८ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. कष्टकरी वर्गांतील स्त्रियांत, विशेषतः ज्यांच्या घरीं मुलें आहेत अशांत, खिन्नतेचा विकार मध्यमवर्गीय स्त्रियांपेक्षां कितीतरी अधिक असल्याचें त्यांना आढळून आलें. एखादा आघात झाला असतां मन कोसळण्याचा धोका कशानें वाढतो, हेंहि त्यांनीं शोधिलें. मनांतील सांगावें असें जवळचें माणूस नसणें, चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुलें घरीं असणें, वयाच्या अकराव्या वर्षापूर्वीं आई अंतरणें, आणि घराबाहेर कांहीं नोकरी नसणें, अशीं चार कारणें त्यांनीं दाखविलीं.

यांतील शेवटचें कारण विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. स्त्रीला थकवा आला, मन उदास झालें, कीं "सोडून दे ती नोकरी," हा सल्ला घरोघर तयार असतो. परंतु या पाहणींत बाहेरचें काम हें मनाला पोखरणारें नसून बऱ्याच अंशीं सांवरणारें ठरलें. कामानें चार पैसे हातीं येतात, चार माणसें भेटतात आणि घराच्या चार भिंतींपलीकडे आपली कांहीं किंमत आहे हें कळतें. मुंबईच्या लोकलमधील बायकांचा डबा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें सहज पटेल. तेथें भाजी निवडली जाते, भिशी चालते, संक्रांतीचें हळदीकुंकू होतें, आणि घरीं कोणाला सांगतां येत नाहीं तें दुःख दोन स्टेशनांच्या दरम्यान शेजारणीला सांगितलें जातें. नोकरी सुटली म्हणजे पगाराबरोबर हा डबाहि सुटतो.

महाराष्ट्राच्या शेजारीं गोव्यांत झालेलें संशोधन आपल्या परिस्थितीला अधिक जवळचें आहे. तेथें १८ ते ५० वर्षें वयाच्या सुमारें अडीच हजार स्त्रियांची पाहणी करण्यांत आली आणि तिचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. तुटपुंजी मिळकत आणि महिन्याचीं तोंडमिळवणी न होणें यांचा मनोविकाराशीं निकट संबंध दिसला. त्याचबरोबर नवऱ्याकडून होणारा अत्याचार, स्वतःविषयींचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा नसणें, आणि कुटुंबाचा आधार नसणें यांचाहि दिसला. त्यापूर्वीं, २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या गोव्यांतीलच दुसऱ्या एका अभ्यासांत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ माता खिन्नतेनें ग्रस्त असल्याचें आढळलें होतें. तेथेंहि दारिद्र्य आणि पतीशीं असलेले वाईट संबंध हीं ठळक कारणें होतीं. अशा स्त्रिया दवाखान्यांत येतात तेव्हां "मन उदास आहे" असें त्या सहसा सांगत नाहींत. अंग दुखतें, डोकें धरतें, कणकण वाटते, जीव घाबरा होतो, असें सांगतात; आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन परत जातात.

या सर्वांचें सार असें निघतें कीं, मन मोडतें तें नुसत्या कामाच्या राशीनें नव्हे. पुष्कळ काम करूनहि प्रसन्न राहणाऱ्या स्त्रिया सर्वांनीं पाहिल्या आहेत. ज्या ठिकाणीं काम पुष्कळ, पण आपल्या वेळेवर आपली सत्ता मुळींच नाहीं, आणि गाऱ्हाणें ऐकावयाला हक्काचें माणूस नाहीं, त्या ठिकाणीं मन मोडतें. जसजसें समाजाच्या उतरंडींत खालीं जावें तसतशी ही सत्ता कमी होत जाते आणि हें माणूस दुर्मिळ होत जातें. वर्गभेदाचा खरा दंश पैशाइतकाच येथें आहे.

कायद्यानें कांहीं केलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. २०१७ सालच्या दुरुस्तीनें प्रसूतीची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांच्या वेळीं बारा आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या संस्थेला पाळणाघर ठेवणें भाग पडलें. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि या तरतुदी आल्या आहेत. परंतु हा लाभ मुख्यतः संघटित आस्थापनांतील स्त्रियांचा. पांच घरीं काम करणाऱ्या स्त्रीचे पांच मालक असतात, आणि त्यांतील प्रत्येकाचें घर हें कायद्याच्या दृष्टीनें कारखाना नसतें. १९८० सालीं पुण्यांतील मोलकरणींनीं संप केला, तेव्हां पगाराबरोबर रजेचीहि मागणी पुढें आली आणि अनेक प्रतिष्ठित घरांना प्रथमच कळलें कीं आपण कोणाचे तरी मालक आहोंत. पुढें महाराष्ट्रांत २००८ सालीं घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. प्रसूति, आजार व मुलांचें शिक्षण यांसाठीं साहाय्याची योजना त्यांत आहे. मात्र नोंदणी झाल्याखेरीज कायदा कागदावरून खालीं उतरत नाहीं, आणि नोंदणीसाठीं लागणारी अर्ध्या दिवसाची सवड ज्या घराकडून मिळावयाची तें घर श्रोत्यांपैकीं कोणाचें तरी असतें.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांच्या हातीं जें आहे त्याचा विचार प्रथम व्हावा हें योग्य. आठवड्याची एक ठरलेली सुटी. वर्षांतून कांहीं दिवस आजारपणाची भरपगारी रजा. मूल आजारी असतां खाडा झाल्यास पैसे न कापण्याचा शब्द. कामाची वेळ अर्धा तास पुढेंमागें करण्याची मुभा. आणि दिवाळीच्या बक्षिसाऐवजीं, निदान त्याबरोबर, दर वर्षीं ठरलेली पगारवाढ. या गोष्टींना मोठा खर्च लागत नाहीं. बँकेंतील स्त्रीला ज्या रजेनें धीर येतो तीच रजा मावशीलाहि धीर देते. इमारतींतील चार कुटुंबांनीं मिळून असा नियम केला, तर कोणा एकट्याला तो जडहि जाणार नाहीं. सुटीच्या दिवशीं भांडीं कोणीं घांसावयाचीं, हा प्रश्न मग उठेल, आणि तो उठलेला बरा. त्याचें उत्तर 'घरची सून' असेंच ठरलें, तर एका स्त्रीचा भार दुसरीवर टाकण्याचा जुना खेळ उलट दिशेनें चालूं राहील. पुरुषांनीं आणि वाढत्या मुलांनीं एकेक काम आठवणीसकट आपल्याकडे घ्यावें. डब्याचें काम घेतलें, तर डब्याला काय करावयाचें याचा विचारहि घ्यावा. तेव्हांच तें काम वांटलें गेलें असें म्हणतां येईल.

दुसरी गोष्ट उपचाराची. खिन्नतेचा विकार बरा होतो, आणि त्यासाठीं प्रत्येक वेळीं मोठ्या तज्ज्ञाचीच गरज असते असेंहि नाहीं. गोव्यांत 'मानस' या नांवानें एक प्रयोग झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु या कामाचें शिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्राथमिक दवाखान्यांत नेमण्यांत आलें. ते रोग्याचें ऐकून घेत, समजावून सांगत, आणि जरूर तेथें डॉक्टरांकरवीं औषध सुरू होई. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें सरकारी दवाखान्यांतील अशा रुग्णांपैकीं सहा महिन्यांनीं शेंकडा सुमारें ६६ बरे झाले. जेथें ही सोय नव्हती तेथें हें प्रमाण सुमारें ४३ होतें. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाहीं. गरिबांच्या दवाखान्यांत, जेथें एरवीं रोग्यापाशीं दोन मिनिटें बसावयाला कोणाला फुरसत नसते, तेथें कोणीतरी बसून ऐकून घेतलें याचा गुण आला, असें यावरून म्हणावेंसें वाटतें. २०२२ च्या ऑक्टोबरपासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनिसेवाहि सुरू झालेली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठींतून बोलतां येतें. हा क्रमांक घरांतील स्त्रीला सांगावा, आणि घरीं कामाला येणाऱ्या स्त्रीलाहि सांगावा. जगणें नकोसें झालें असा शब्द कोणाच्याहि तोंडून निघाला, तर तो रागाच्या भरांतला समजून सोडून न देतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

स्त्रीच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न पुष्कळदां तिच्या सहनशीलतेचा प्रश्न म्हणून मांडला जातो. तिनें मन घट्ट करावें, पहाटे लवकर उठावें, देवाचें नांव घ्यावें, वेळेचें नियोजन करावें, असे उपदेश तिला केले जातात. यांतील कांहींचा थोडाबहुत उपयोग होतहि असेल. परंतु वेळेचें नियोजन करण्यासाठीं आधीं वेळ आपल्या मालकीचा असावा लागतो. गिरणीकामगार स्त्रीजवळ तो नव्हता. पांच घरीं राबणाऱ्या स्त्रीजवळ तो आज नाहीं. आणि बँकेंत जाणाऱ्या स्त्रीजवळ आहे तो अपुरा, कांहींसा उसना घेतलेला आहे. तो कोणाकडून उसना घेतला आहे याची जाणीव ज्या घराला झाली, त्या घरांत पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, पगार हातावर ठेवतांना, सुटीचा वार कोणता हेंहि ठरविलें जावें.